पाच फोन रात्रभर टेकडीवर

पाणीयोजनेची मोटर चोरीला गेली त्या रात्री पाच मोबाईल पहाटेपर्यंत टेकडीवर होते, असं माझा कॉम्प्युटर सांगत होता. मी पोलीस हवालदार. मोबाईलचा डेटा तपासायचं काम मला मिळालं ते हुशारीमुळे नाही. गुडघ्यांमुळे बंदोबस्ताच्या कामाचा राहिलो नव्हतो, म्हणून.

टॉवर लोकेशन म्हणजे फोन त्या वेळी कुठल्या टॉवरला जोडलेला होता, ती नोंद. शेणवे गावाच्या पुढे एक पाडा आहे, त्याच टेकडीच्या मागे. पाड्यात टॉवर पोचतच नाही, रेंज मिळते ती टेकडीवर. आणि पाचही नंबर त्याच पाड्यातले. म्हणजे पाचही जण रात्रभर घराबाहेर, मोटर होती त्या अंगाला.

"टोळीच निघाली की," साहेब म्हणाले.

त्यातला एक नंबर गणेशचा. त्याला विमानतळावर सामान चढवायची नोकरी लागली होती. आत जायला पास लागतो आणि पासासाठी आमचं व्हेरिफिकेशन. या माणसावर गुन्हा नाही, असं. कंपनीने आठवड्याची मुदत दिलेली. साहेबांनी त्याचं व्हेरिफिकेशन थांबवलं.

मी म्हटलं, एकदा जागा बघून येतो. साहेबांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि जा म्हणाले.

धापा टाकत वर पोचलो आणि मोहाच्या झाडाखाली बसलो. वर पाहतो तर फांदीला प्लास्टिकच्या पिशव्या टांगलेल्या. प्रत्येकीत एक मोबाईल. एक बाई पिशवी काढायला आली. गणेशची आई निघाली. मी विचारलं, फोन इथे का?

"घरात रेंज नाय. शोधून शोधून बॅटरी मरतं. हितं टांगला का सकाळी कळतं, कोनाचा फोन आलता."

चोरीला जात नाहीत का, असं मी विचारलं. पाड्यातलं कोण नेणार, म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलली, "हवालदार, माजं पोर त्या रातीला घरातच होतं. पन तुमी म्हनता फोन घरात नवता. मंग आता तुमाला मी काय दाखवू?"

मी स्वतः अधूनमधून फोन फ्रिजवर विसरून ड्युटीवर जातो. डेटाच्या हिशेबाने ते दिवस मी फ्रिजवर काढलेत.

परत येऊन त्याच पाच नंबरांचा मागचा डेटा मागवला. तो यायला दिवस गेले. पाचही फोन रोज रात्री त्याच टेकडीवर. रोज चोरायला तिथे दुसरी मोटर नव्हती. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि गणेशच्या व्हेरिफिकेशनवर सही केली.

तोवर मुदत टळली होती. कंपनीने दुसरा मुलगा घेतला. गणेश आता मुरबाडला एका गोडाऊनमध्ये खोकी उचलतो. सही झाल्याचं कळवायला मी तिथे गेलो तेव्हा पाणी दिलं त्याने आणि पुढचं खोकं उचललं.

मोटर अजून सापडलेली नाही. मी मात्र रिपोर्टमध्ये 'इसम घटनास्थळी हजर' लिहायचं सोडलं. 'फोन हजर' एवढंच लिहितो. साहेब विचारतात, इसम कुठे होता? मी सांगतो, ते जाऊन विचारावं लागेल.