पोर्चवरचे बूट

रिटायर झाल्यावर आमच्या ओळखीत कुणी गोल्फ धरला, कुणी भजनी मंडळ काढलं. आमच्या ह्यांनी पडकी घरं धरली. अमेरिकेतल्या आमच्या डब्लिनहून सकाळी निघायचं, नदी ओलांडून वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात शिरायचं आणि कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर ओस झालेल्या वस्त्यांचे फोटो काढत हिंडायचं. मी बरोबर जायची ती हौसेने नव्हे. बायपास झालेला माणूस, तिथे फोनला रेंज नाही, एकटा कसा सोडणार? डबा आणि गोळ्या घेऊन मी गाडीत बसायची आणि चरफडत राहायची.

त्या दिवशी भरदुपारीसुद्धा दरीत ऊन पोचत नव्हतं. कच्च्या रस्त्याच्या शेवटी बाकीची घरं कोसळलेली, एकच माडीचं घर उभं. खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले. मला ते घर पाहताक्षणीच आवडलं नाही.

"अहो, इथे नको."

"अगं, फ्लोअर सॉलिड दिसतोय. दोन फोटो, बस्स!"

पोर्चवर चढून त्यांनी बूट काढले. कुठल्याही घरात शिरताना ही खोड, मग ते घर पडकं का असेना.

"खिळा घुसेल पायात!" मी गाडीतून ओरडले.

"कुणाचं तरी घर आहे ना," म्हणाले आणि मोज्यांवर आत गेले. बूट नेहमीसारखे, एक इकडे, एक तिकडे. लग्न झाल्यापासून ते मीच सरळ करत आले आहे. त्या दिवशी म्हटलं, राहू देत तसेच.

मी मागच्या सीटकडे वळून गोळ्यांची पिशवी शोधली, डबा सोडला, थालीपिठाला दही लावलं. हे काही येईनात. शेवटी वैतागून खाली उतरले आणि पोर्चच्या पायरीशी गेले.

बूट एकाला एक लावून ठेवलेले होते, टोकं रस्त्याकडे.

आधी वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी शहाणपण आलं. मग दाराकडे पाहिलं. ह्यांनी सताड उघडं टाकलेलं दार आतून लोटलेलं होतं. ह्या माणसाने जन्मात कधी बूट सरळ ठेवले नाहीत, ते आज कशाला ठेवेल? आणि हे अजून वरच होते. माडीवर कॅमेऱ्याचा आवाज येत होता.

कुणीतरी आहे असं ओरडले असते, तर हे कुतूहलाने घरभर शोधत बसले असते. म्हणून मी होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "अहो, लवकर या! माझ्या छातीत दुखतंय!"

धडधडत खाली आले. नाड्या न बांधताच बूट चढवले, मला धरून गाडीत बसवलं आणि गाडी वळवली. मी सगळ्या दारांची लॉक चाचपली.

मोठा रस्ता लागेपर्यंत ते सारखे माझ्याकडे वळून पाहत होते. चेहरा पांढरा पडला होता. मला फार वाईट वाटलं, पण खरं सांगायची हिंमत होईना.

"वर आलीस तेव्हापासूनच त्रास होत होता का गं?" त्यांनी विचारलं. "शेजारच्या खोलीत तुझा श्वास ऐकू येत होता मला. दोनदा हाक मारली, बोलली का नाहीस?"

मी त्या घराचा उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता.

"बोलवत नव्हतं," मी म्हटलं. "तुम्ही गाडी जरा जोरात घ्या."