खरखरीत झालेले दोन दात

‘थांबा म्याडम, जिबंला इचारते,’ असं म्हणून ती डोळे मिटायची आणि एकेका दातावरून जीभ फिरवायची. तिचा आरशावर विश्वास नव्हता. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

वेल्ह्यातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात ती पहिल्यांदा आली, ती तोंडाला रक्ताळलेला टॉवेल लावून. पानशेतला धरणाजवळ तिची भज्यांची टपरी होती. ओठ भाजला होता, पुढचे दोन दात अर्धे तुटले होते.

‘पडलात का?’

‘पडले न्हाई. आमच्या मालकानं कढईतला झारा मारला.’

दाताच्या रंगाचं सिमेंट भरून मी ते दोन्ही दात उभे केले.

वर्षभराने ती मिश्रीचे डाग काढायला आली. हवेच्या जोरावर बारीक पावडर मारणारं मशीन मी नुकतंच घेतलं होतं. मी ते फार जवळ धरलं आणि भरलेल्या दातांवरूनही तसंच फिरवलं. डाग गेले. तिने जिभेला विचारलं.

‘ह्ये दोन सहाणेवानी लागत्यात.’

खरंच होतं. सिमेंट दातापेक्षा मऊ. पावडरीने त्याची तकाकी खरवडून नेली होती. खरखरीत जागी मिश्री उलट लवकर बसते.

‘चूक माझी आहे. घासून गुळगुळीत करते.’

‘करा की. मार खाल्ल्यावर खरखरीत व्हायचंच,’ ती हसली.

मी घासत असतानाच तिचा नवरा आत आला. ‘टपरी टाकून हितं दात चमकावतीस व्हय? कुणासाठी?’ अंबाडा धरून त्याने तिला खुर्चीवरून ओढलं. तिचं कपाळ ट्रेच्या कडेवर आपटलं, फुटलं. मी हत्यार हातात धरून उभी राहिले. ओरडलेही नाही.

तिने त्याचं मनगट दातांत धरलं. तो दुसऱ्या हाताने तिच्या कानशिलावर बुक्क्या मारत राहिला. तो गुडघ्यांवर येईपर्यंत तिने सोडलं नाही. मग ती रक्त थुंकली. त्यात पांढरा तुकडा होता.

‘तुमचा एक दात गेला, म्याडम.’

तिच्या जखमा मी कागदावर लिहून दिल्या आणि तिच्यासोबत पोलिसांत गेले. तिथूनच तिने नसरापूरची एसटी धरली. पुढं सारोळ्याला तिची बहीण राहत होती. ‘मंगळवारी येते दात बसवायला,’ ती म्हणाली.

मंगळवारी मी दुसऱ्या कुणाला वेळ दिली नाही. दुपारी आला तो नवरा, मनगटाला पट्टी बांधून.

‘कुठं हाय ती?’

‘माहीत नाही,’ मी म्हणाले, आणि तो रस्त्याला लागेपर्यंत दारातून हलले नाही. आत खुर्ची रिकामी होती. दात बसवायला ती पुन्हा कधीच आली नाही.