भांडायला माणूस हवा

कमळाकर कडू रोज भांडायचा. तरी गावात त्याला भांडखोर कुणी म्हणत नसे, कारण तो भांडायचा एकाच माणसाशी, एकाच जागी आणि संध्याकाळचा चहा घेऊन झाल्यावरच. माणूस म्हणजे धर्मराज मढवी, आणि जागा म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा ओटा. गाव खांदा कॉलनीच्या मागच्या अंगाला. गाव म्हणायचं ते आपलं सवयीनं; मिठागरं बुजली, चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले, ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली आणि मधोमध ही चार आळ्यांची वस्ती तेवढी राहिली. त्या वस्तीतही पार्ट्या दोन. एक तात्यांची, एक दाजींची. तात्या आणि दाजी दोघंही राहायला पनवेल शहरात, एकाच रस्त्याला. भांडायचं काम तेवढं त्यांनी गावावर सोपवलेलं.

कधीकाळी पंचायतीच्या निवडणुकीत डोकी फुटली होती. तेव्हापासून तात्यांच्या माणसानं दाजींच्या माणसाचा उंबरा ओलांडायचा नाही, असा नियम पडला. एका आळीत हळदीचा डीजे लागला की दुसऱ्या आळीतल्या खिडक्या बंद व्हायच्या. क्रिकेटचे संघ दोन, गणपती दोन. मयताला तेवढी सूट होती. कमळाकर तात्यांचा आणि धर्मराज दाजींचा. लहानपणी दोघं एका बाकावर बसलेले, पुढं उरणच्या बंदरात एकाच पाळीला लागलेले, पण घरी जाणं-येणं बंद. गिरणीचा मालक घाटावरचा, त्याचं मत गावात नव्हतंच. त्यामुळे त्याचा ओटा कुठल्याच पार्टीचा नव्हता, आणि दोघं तिथं बसत.

विषय तीनच. घरपट्टी, गावातली शाळा, आणि सरकार लोकांच्या हातात देतं ते पैसे.

“पट्टी भरायलाच लागंल, धर्मा,” कमळाकर सुरुवात करायचा. “आपली शाला बघ. पावसान पोरांना एका कोपऱ्यान बसवतान. वरचा पत्रा काय फुकट येतो?”

“जमीन आमची जेली, तिच्यावर शहर उभा राहिला, नी आता आमच्याच घराला पट्टी?” धर्मराजचा आवाज पहिल्या वाक्यालाच चढायचा. “पयली सोय दे, मंग बिल दे. नी शालेचा सांगतस तं आईक. ज्या घरान चूल पेटत नाय, त्या घरातला पोर शालेन जाऊन काय शिकंल? आधी त्याच्या आईच्या हातान पैसं दे.”

“हातान दिलेला पैसा उद्या संपतो. शालेन घातलेला संपत नाय.”

“उद्या जगला तं परवा शिकंल ना, शाण्या.”

असं दिवेलागणीपर्यंत चालायचं. खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं. दोघांचीही नातवंडं इंग्रजी शाळेत जात होती आणि गावच्या शाळेत आता टॉवर बांधायला आलेल्या मजुरांचीच पोरं उरली होती, हेही खरं. पण ओट्यावर हे बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

कमळाकरची बायको भामा गेली तेव्हा धर्मराज स्मशानात आला. दाजींच्या माणसांत उभा राहिला, लाकडं रचायला हात लावला, आणि एक शब्द न बोलता निघून गेला. मुलगा हितेश पुण्याहून आला होता. दहावं आटोपून तोही परत गेला. घरात एकट्याला बसवेना म्हणून कमळाकर ओट्यावर येऊन टेकला. धर्मराज आधीच बसलेला होता. तो ना ‘वाईट झालं’ म्हणाला, ना ‘धीर धर’. म्हणाला, “तुज्या तात्यान परत पट्टी वाढवायचा काढलाय ना रं?” कमळाकर त्याच्यावर असा काही उखडला की बोलता बोलता त्याला दम लागला. घरी येऊन त्यानं स्वतः भात लावला आणि वर सुक्या जवळ्याची चटणी घेऊन पोटभर जेवला. भामा गेल्यापासून त्या दिवशी त्याला पहिल्यांदा भूक लागली होती.

त्यानंतर कमळाकरचा दिवस म्हणजे संध्याकाळची तयारी झाला. सकाळी पेपरात तो धर्मराजला तोंडावर मारायला काहीतरी शोधायचा. दुपारी पडल्या पडल्या त्याची उत्तरं मनात घोळवायचा. रविवारी हितेशचा फोन यायचा. “आबा, जेवलास?” “जेवलो.” “गोळी घेतलीस?” “घेतली.” पोरगा गुणी होता, प्रश्न काही त्याच्या मायेचा नव्हता. पण ‘तू साफ चुकतोस’ असं म्हणणारा माणूस त्या फोनवर नव्हता, आणि म्हातारपणी ‘जेवलास का’ विचारणारे मिळतात, चुकतोस म्हणणारे मिळत नाहीत.

मग पालिकेची निवडणूक जवळ आली. एका सकाळी कमळाकरच्या मोबाइलवर फोटो आला. तात्या दाजींच्या गळ्यात आपल्या पार्टीचं उपरणं घालत होते, दोघंही हसत होते, आणि दाजींच्या मागे धर्मराजचा मुलगा शैलेश उभा होता. दाजी आपल्या सगळ्या माणसांसकट तात्यांच्या पार्टीत आले होते. संध्याकाळपर्यंत शैलेशला वॉर्डाचं तिकीट मिळाल्याची बातमीही आली. दोन्ही आळ्यांत फटाके वाजले. नाक्यावर बॅनर लागला: घरपट्टीवरचा दंड माफ, शाळेला नवी इमारत, बहिणींच्या खात्यात वाढीव पैसे. तिन्ही एकदम. पैसा येणार कुठून, हे विचारायला गावात कुणी उरलं नव्हतं.

नेत्यांचं भांडण मिटलं की ते एकमेकांना पेढा भरवतात. कार्यकर्त्यानं जन्मभर जपलेल्या भांडणाचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

त्या संध्याकाळी धर्मराज ओट्यावर आला, पण उशिरा. कमळाकर वाटच बघत होता. “काय रं, तुजा दाजी आता पट्टी भरनार काय?” त्यानं मुद्दाम डिवचलं. धर्मराज रस्त्याकडे बघतच म्हणाला, “जाऊं दे. तुजाच खरा होता.”

हे शब्द ऐकायची कमळाकरनं किती वर्षं वाट पाहिली होती. मनातल्या मनात त्यानं धर्मराजच्या तोंडून ते कितीदा तरी वदवून घेतले होते. आता ऐकले, तर पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. दुसऱ्या दिवशी धर्मराज आला नाही. त्यानंतर आलाच नाही.

कमळाकर काही दिवस एकटाच ओट्यावर बसला. मग देवळाच्या पारावर इतर म्हाताऱ्यांत जाऊन बघितलं. तिथं आता सगळे एकाच पार्टीचे. एकानं काही म्हटलं की बाकीचे माना डोलवायचे आणि विषय संपायचा. घरी त्यानं टीव्हीवर चर्चा लावल्या. टीव्हीतली माणसं धर्मराजपेक्षा मोठ्यानं ओरडत होती, पण त्यातलं कुणी कमळाकरशी बोलत नव्हतं. एकदा तो त्यांना उलटं उत्तर देऊन बसला आणि आपलाच आवाज घरात ऐकून ओशाळला. टीव्ही बंद केला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भामाची आठवण येत होतीच, पण त्याला हवा होता तो धर्मराज, आणि हे कबूल करायलाही जवळ कुणी नव्हतं.

सकाळी त्याच्या डोक्यात आलं की आता उंबऱ्याचा नियम राहिलाय कुठं? पार्टी एक झाली. धर्मराजच्या घरी उजळ माथ्यानं जाता येईल.

तो गेला. इतक्या वर्षांनी त्या घरात शिरताना कमळाकरला उगाच संकोच वाटला. शैलेश प्रचाराला बाहेर पडला होता. धर्मराज ओटीवर खुर्चीत बसला होता. त्याची थोरली बहीण गुणाबाई, नवरा गेल्यापासून भावाकडेच राहणारी, आतून चहा घेऊन आली. “बस भाऊ. बरा केलास, आलास,” म्हणाली आणि परत आत गेली.

कमळाकरनं वाटेत ठरवलं होतं, धर्मराज त्याची बाजू मांडत नसेल तर आपण मांडू. त्याचं एकेक वाक्य पाठ होतंच. “मी काय बोलतो, धर्मा, पट्टी भरूच नये. जमीन आपली जेली, नी आपल्यालाच बिल?”

“हां,” धर्मराज म्हणाला. “तसा बी हाय.”

“नी शाला बंद पडली तरी चालंल. पैसं हातान द्यावं.”

“देवंत.”

आता एकच गोष्ट उरली होती. काही वर्षांमागे एकदा ओट्यावर तो गुणाबाईच्या निराधार पेन्शनबद्दल वाकडं बोलला होता, तेव्हा धर्मराजनं पायातली चप्पल हातात घेतली होती आणि आठवडाभर तोंड दाखवलं नव्हतं. आज कमळाकरला ती चप्पलही चालली असती. आत ऐकू जाईल, हे त्याला कळत होतं. तरी तो बोलला.

“ही पेन्शन पयली बंद कराया पायजे. घरान कमावता भाचा हाय, उद्या नगरसेवक होल. गुणाबायला सरकारचा पैसा कशाला?”

आत भांड्यांचा आवाज थांबला. धर्मराजनं कप खाली ठेवला. कमळाकर खुर्चीच्या कडेवर सरकून बसला.

“बंदच झालीय,” धर्मराज म्हणाला.

“काय?”

“या महिन्यापासून. तपासनी झाली, नी नाव उडवला. नुसता तिचा नाय, आळीतल्या लय बायांचा.”

“नी तू गप बसलास? मोर्चा नाय काढलास?”

“कोनावर काढू?” धर्मराजनं पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. “हापिसात बोलतान, वरून आलाय. वर कोन? आपलाच मानूस. शैलेश बोलला, इलेक्शन होईपरत गप रवा. पयला मी दाजींकं गेलो असतो, दाजी तात्यांच्या नावान बोंबलला असता, पेपरात आला असता. आता दाजी नी तात्या एकाच गाडीन फिरतान. कोनाच्या नावान बोंब मारू?”

गुणाबाई दारात येऊन उभी होती. रागावलेली नव्हती. रिकामा कप उचलून ती पुन्हा आत गेली. कमळाकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण एका म्हातारीच्या घासावर खेळ मांडला, आणि तो घास आधीच कुणी काढून नेलेला. 

“तिच्या हक्काचा हाय तो पैसा,” तो म्हणाला, आणि या खेपेला तो वादासाठी बोलत नव्हता. “बारकी असताना बाय मिठागरान उन्हान राबली. हक्काचा हाय.”

“हाय ना,” धर्मराज म्हणाला. “तू बोलतस ता खरा हाय.”

“मंग भांड माज्याशी. मी तात्यांचा मानूस. मना शिव्या दे, धर्मा. माज्या पार्टीन तुज्या बहिणीचा पैसा खाल्ला, बोल.”

धर्मराज थोडं हसला. थकलेलं, समजूतदार हसू. त्याच्या तोंडावर ते कमळाकरनं कधी पाहिलं नव्हतं.

“तुला कशाला शिव्या देऊ? तू तं आता आपला मानूस हाय.”

कमळाकर उठला तसा धर्मराजही उठला, पाहुण्याला पोचवतात तसा फाटकापर्यंत आला, आणि म्हणाला, “येत जा.” ओट्यावर इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी कुणाला ‘येत जा’ म्हटलं नव्हतं. कमळाकर “येतो” म्हणाला. तो येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. धर्मराजनं फाटक हळूच लावून घेतलं.