पॅडलमागची भिंत

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ बरंच चुकत असणार. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं. ही आठवण खरं तर आमच्या ह्यांनी लिहायची, नोकरी त्यांची होती. पण ते लिहिणार नाहीत. म्हणून ते सांगतात त्या पद्धतीने मी लिहिते. आधी जागा, मग काम, मग काय घडलं ते.

जागा वारजे. हायवेच्या सर्व्हिस रोडपासून थोडं आत आमची पत्र्याची शेड. हे फौजेत गाड्यांचे मेकॅनिक होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. इथे सगळे त्यांना मेजर म्हणतात. आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. आधी हे दर वेळी सांगायचे, "मेजर नाही, हवालदार." आता सांगत नाहीत.

सकाळी सातला हजेरी. हजेरीला हे आणि मी. झाडलोट, मग नट-बोल्टचे पाने आपापल्या खिळ्यावर आहेत का ते बघायचं, मग चहा. हे डॅशबोर्डखाली डोकं घालून पडतात, मी सीटवर बसून सांगतील ते करते.

"क्लच दाब."

"क्लच दाबला."

"सोड."

"क्लच सोडला."

ऑर्डर ज्या शब्दांत आली त्याच शब्दांत उत्तर द्यायचं. नुसतं 'हां' चालत नाही. मला चार लोकांत बोलता येत नाही, पण हे बोलणं जमतं. शब्द ठरलेले असतात.

दिवाळीनंतर केतकी आली. कोथरूडला राहते, आयटीत आहे. तिची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार, जुनी, स्वतःच्या पगारातून घेतलेली. इंजिनची ताकद वाढवून तिने कडक क्लच बसवून घेतला होता. तेव्हापासून पॅडल दाबलं की वाकायचं आणि करकरायचं.

"काका, पॅडल वीक आहे. तेवढं स्ट्राँग करून द्या. संडेला आमचा ग्रुप महाबळेश्वरला चाललाय."

तिने ॲडव्हान्स दिला. मी सीटवर बसले. हे टॉर्च घेऊन आत शिरले.

"दाब."

"दाबला."

"धरून ठेव."

"धरून ठेवला."

मग बराच वेळ पुढची ऑर्डरच नाही. माझा पाय भरून आला. बाहेर आले तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला होता.

"पॅडलचं काही नाही," ते केतकीला म्हणाले. "भिंत हलतीये."

इंजिन आणि सीट यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असते. पॅडलचा ब्रॅकेट त्या भिंतीवर बसवलेला असतो. तिथे केसासारखी चीर गेली होती. नुसतं पॅडल जाड केलं तर सगळा जोर त्या चिरेवर येणार. आधी भिंतीला दोन्ही बाजूंनी प्लेट, मग ब्रॅकेटला वरून आधार, आणि पॅडल शेवटी. त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागणार होता. रविवारपर्यंत होण्यासारखं नव्हतं.

"मग आत्ता नुसतं वेल्डिंग करा ना काका. आल्यावर नीट करून घेते, प्रॉमिस."

"नाही."

"दुसरा गॅरेजवाला दोन तासांत देतो म्हणतोय."

"गाडी नाही जाणार."

"पण का?"

ह्यांनी आत शिरून पॅडलचा सगळा जोड सोडवला आणि टेबलावर ठेवला.

शनिवारी सकाळी केतकीचे वडील गाडी उचलून नेणारा टेम्पो घेऊन आले. मागे केतकी, डोळे रडून लाल.

"मेजर," ते म्हणाले, "गाडी आपल्याकडे दुरुस्तीला दिली होती. अटक करायला नव्हे."

हे टेबलावरचा जोड पुसत राहिले.

"फौजेत आपण गाड्या बघत होतात की कैदी? तसं असेल तर येरवड्याला अर्ज करा. आमचा ॲडव्हान्स द्या आणि मोकळे व्हा."

हे तरीही गप्प. ते का बोलत नाहीत हे त्या शेडमध्ये मला एकटीला माहीत होतं. ते सांगणं माझं काम नव्हतं. पण मुलगी उद्या घाटात जाणार होती. वडिलांकडे न बघता मी तिला सांगितलं. ते असं.

डोंगरातली पोस्टिंग होती. रेशनच्या ट्रकांचा ताफा जायचा. पहिल्या ट्रकवर ड्रायव्हर बळीराम, ह्यांच्याच बरॅकमधला. दोघे एका ताटात जेवायचे. बळीरामच्या ट्रकचं क्लच पॅडल वाकत होतं. ह्यांनी त्याला लोखंडी पट्टी मारून मजबूत केलं. तपासणीत पॅडल पास झालं. दुसऱ्या दिवशी ताफा निघाला. हे सगळ्यात मागे, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत. रेडिओ सेट पहिल्या गाडीत आणि शेवटच्या गाडीत.

उतार लागला. खालचा गियर टाकायला बळीरामने क्लच दाबला. पॅडल शाबूत राहिलं, त्याच्यामागच्या भिंतीचा पत्रा फाटला. आधीचा गियर सुटला होता, खालचा पडेना. भरलेला ट्रक उतारावर मोकळा सुटला. ब्रेक तापून निकामी झाले. सेटवर बळीरामचा आवाज आला.

"क्लच गया. गियर नहीं लग रहा."

हे म्हणाले, "पहाड की तरफ लगा."

"पहाड की तरफ लगा रहा हूँ."

ट्रकमध्ये मागे दोन जवान होते. बळीरामने ओरडून त्यांना उड्या मारायला लावल्या. ते वाचले. ट्रक डोंगरावर आदळला, तो बळीरामच्याच बाजूने. दरीत गेला नाही. सेटवर पुढे काही आलं नाही.

चौकशी झाली. ह्यांच्यावर ठपका आला नाही. केलेलं काम पास होतं, आणि पॅडल खरोखरच धड निघालं.

एवढं बोलून मी थांबले. आयुष्यात परक्या माणसांसमोर मी इतकं कधी बोलले नव्हते. हे टेबलाला हात टेकून उभे होते, पाठ आमच्याकडे.

"वाईट झालं," वडील म्हणाले. "पण तो ट्रक होता. ही कार आहे."

गाडी टेम्पोवर चढली. पॅडलचा जोड केतकीने हातात घेतला. ॲडव्हान्समधले अर्धे पैसे आम्ही तिथेच परत केले. बाकीच्या पैशांतून प्लेट आणली होती आणि शेडचं भाडं भरलं होतं.

रात्री जेवताना हे म्हणाले, "त्याचं नाव तू का काढलंस?"

"अहो, पोरगी जाणार होती."

त्यांनी ताट सारलं.

रविवारी सकाळी हे सर्व्हिस रोडला जाऊन उभे राहिले. कोथरूडहून साताऱ्याकडे जायचं तर वारज्यावरूनच जावं लागतं. रंगीत गाड्यांची एक रांग मोठा आवाज करत गेली. हे दुपारी परत आले.

मी विचारलं, "लाल होती का त्यात?"

"दिसली नाही."

"मग गेली नसेल."

"दिसली नाही, एवढंच मला माहीत आहे."

त्यानंतर महिनाभर हे पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या बघायचे. मी साड्यांना फॉल-पिको करून द्यायचे, त्यातून ॲडव्हान्सचे राहिलेले पैसे जमवले आणि कोथरूडला गेले. हे आले नाहीत. काय कळेल याची त्यांना भीती वाटत होती. मलाही वाटत होती.

दार केतकीने उघडलं. मला बसवेना, म्हणून ती मला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेली आणि गाडीवरचं कव्हर काढलं. डॅशबोर्ड उतरवलेला, वायरी लोंबत होत्या.

"मी गेले नाही काकू. ग्रुपवाले अजून चिडवतात, 'शोरूम पीस' म्हणून. त्या दुसऱ्याने पॅडल वेल्ड करून दिलं. सोसायटीत दोन चकरा मारल्या आणि फोनचा टॉर्च लावून मागे बघितलं. चीर बोटभर झाली होती." ती थांबली. "काका प्लेट मारून देतील?"

"विचारते," मी म्हटलं.

मी पैसे पुढे केले. ती घेईना. "त्याच कामाचा ॲडव्हान्स समजा ना."

"आधी हे फिटू दे. कामाचं वेगळं."

मग तिने विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव काय होतं?"

नायक बळीराम तुकाराम वाघमोडे, मी सांगितलं. मागे आई आणि धाकटी बहीण.

केतकीने पैसे हातात घेतले. न मोजता तसेच पर्समध्ये टाकायला लागली. मी तिला मोजायला लावले. पूर्ण भरले.