वार लावणारी इन्कोरोनाता

दक्षिण इटलीत, लुकानियातल्या आमच्या डोंगरी गावात मयताच्या घरी आठ दिवस चूल पेटत नाही. शेजारणी दुपारचं जेवण घेऊन जातात, घरच्यांबरोबर बसून स्वतः दोन घास खातात आणि त्यांना खायला लावतात. कुणी कोणत्या दिवशी न्यायचं, हे ठरवायची इन्कोरोनातामावशी. चाळीस वर्षं आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मयताचे वार तिनेच लावले. बाई भारी फटकळ. माझा बाप गेला तेव्हा मी रस्सा बाजूला सारला, तर म्हणाली, रडायलासुद्धा अंगात त्राण लागतं, गीळ मुकाट्याने.

तिला मूलबाळ नव्हतं. नवरा रोक्को आणि ती, एवढाच संसार. सत्त्याऐंशी सालच्या मार्चमध्ये रोक्को गेला. दफन उरकलं, आम्ही तिच्या गळ्यात पडून रडलो आणि आपापल्या घरी परतलो. मला वाटलं, भिंतीपलीकडची दोनाता जेवण नेईल. दोनाताला वाटलं, समोरची विंचेंझा नेईल. विंचेंझाला वाटलं, मी. विचारणार कुणाला? जिला विचारायचो, तिच्याच घरी मयत.

तिसऱ्या दिवशी पाववाल्याकडे दोनाता भेटली, बोलण्यात विषय निघाला आणि कळलं, जेवण कुणीच नेलं नव्हतं. मी घरातला कोंबडीचा रस्सा पातेल्यासकट उचलला आणि धावत सुटले.

मावशी टेबलाशी बसली होती. चूल थंड. टेबलावर पाच ताटल्या मांडलेल्या, येणाऱ्यांसाठी. तीन दिवस ती रोज दुपारी मांडत होती आणि अंधार पडला की उचलत होती. शिळा पाव तेवढा पोटात. चूल पेटवावी तर रीत मोडते, आणि मागणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मावशी, आमचं चुकलं गं," मी म्हणाले.

"बस आधी. एकटीला घास उतरत नाही."

मी शेजारी बसून आधी स्वतः दोन घास खाल्ले. मग तिला भरवलं. खाता खाता म्हणाली, मीठ कमी पडलंय. एवढंच. त्यापेक्षा तिने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर वार विचारायला तिच्या दारात जायचा कुणाला धीर झाला नाही. तिनेही विषय काढला नाही.

पुढच्या जानेवारीत ती गेली. दफन झालं त्या दुपारी कुणी कुणावर विसंबलं नाही. आम्ही सातजणी सात पातेली घेऊन तिच्या दाराशी जमलो. दाराला कुलूप होतं. आत जेवू घालायला कुणी उरलंच नव्हतं.