बिशेन्तेचं पिलपिल

बिशेन्ते मंडळाच्या दारातून आत शिरला की त्याची चालच बदलायची. एरवी हा माणूस खांदे पाडून, भिंतीच्या कडेकडेने चालायचा. पासाइया बंदरावर क्रेन चालवण्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे बोलायची सवय कमी आणि वाकून खाली बघायची सवय जास्त. पण मंडळाचा उंबरा ओलांडला, काळी गोल टोपी खुंटीवर गेली आणि एप्रनची गाठ पोटावर बसली, की गडी हातभर उंच व्हायचा. मागे वळूनही न बघता हुकूम सुटायचा, "लसूण कोण सोलतंय?" आणि केस पिकलेले, नातवंडं झालेले बाप्ये निमूटपणे लसूण सोलायला बसायचे. मुख्य नटाची एन्ट्री याहून वेगळी काय असते?

मंडळ म्हणजे जेवणाचं मंडळ. बाजार पुरुषांनी करायचा, शिजवायचं पुरुषांनी, खायचं त्यांनीच, भांडीही त्यांनीच घासायची आणि मग पत्ते कुटत बसायचं. बायकांनी चुलीपाशी पाऊल टाकायचं नाही. का, ते कुणालाच नीट सांगता यायचं नाही. म्हातारे म्हणायचे, बायका घरी रांधून दमतात, त्यांना इथे तरी विश्रांती. बिशेन्तेची बायको गारबिन्ये म्हणायची, "बायका आत आल्या तर तुमचं पितळ उघडं पडेल, म्हणून."

घरी बिशेन्तेने कधी पळी हातात धरली नव्हती. घरची चूल गारबिन्येची. सोमवारी मसूर, मंगळवारी बटाटा आणि कांद्याच्या पातीचं पातळ कालवण, बुधवारी काळ्या घेवड्याची उसळ आणि सोबत कोबी, शुक्रवारी मासळी, जी त्या दिवशी बंदरावर भरपूर आली असेल ती. बिशेन्ते खिडकीपाशी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसायचा. ताट पुढ्यात आलं की पेपर खाली, जेवून झालं की पेपर वर. मध्ये एक वाक्य. "बरं होतं." आणि अंगात फारच आलं असेल तर, "बरं होतं, पण कांदा अजून परतायला हवा होता."

"परतते की. तुमच्या मंडळाला सांग, मला शिकवायला एखादा मास्तर पाठवा म्हणावं."

गुरुवारी तो मंडळात जेवायचा. त्या दिवशी गारबिन्ये एकटीपुरतं ऑम्लेट करायची आणि रेडिओ लावून, उभ्या उभ्याच खायची. बिशेन्ते परतायचा तो अजून रंग न उतरलेल्या नटासारखा. कोट काढायच्या आधीच सुरुवात.

"आज पिलपिल असं जमलं होतं गारबिन्ये! असं दाट, असं पांढरं, चमचा उभा राहिला असता त्यात."

"चमचा राहिला असेल. पण इतकी पिऊन तुमच्यातलं दुसरं कोण उभं राहिलं होतं, ते सांग."

"अगं, पाचिकोने भांडं चाटून साफ केलं!"

"पाचिको सिमेंटसुद्धा चाटेल. आणि माझं मत विचारू नकोस. मी तुझ्या हातचा घास कधी खाल्लाय?"

हे शेवटचं वाक्य ती हसत म्हणायची. बिशेन्तेला मात्र ते टाचणीसारखं टोचायचं. खरंच खाल्लेला नव्हता तिने. वर्षातून एका रविवारी दुपारी मंडळ बायका-मुलींना जेवायला बोलवायचं, पण त्या दिवशी चूल अध्यक्षांची. कोल्दो खाटीक हा अध्यक्ष, आणि त्याचं भाजलेलं कोकरू हा ठरलेला खेळ. बिशेन्तेच्या वाट्याला सॅलड. सगळं गाव ज्याच्या पिलपिलचं नाव काढायचं, त्याच्या बायकोने त्याच्या हातचं खाल्लं होतं ते फक्त कापलेलं काकडी-टोमॅटो.

एका वर्षी नेमक्या या रविवारच्या तोंडावर कोल्दो दुकानाच्या पायरीवर घसरला. उजवं मनगट प्लास्टरमध्ये. मंडळात सगळ्यांचे चेहरे सुतकी, आणि बिशेन्ते मनातल्या मनात देवाची क्षमा मागत होता, कारण त्याला आनंद झाला होता.

"बिशेन्ते," कोल्दो म्हणाला, "रविवार तुझा. पिलपिल. आणि बघ हं, बायका आहेत. बायकांची जीभ म्हणजे..."

"माझ्या घरी आहे एक," बिशेन्ते म्हणाला. "माहितीये मला."

पिलपिल हा पदार्थ सांगायला सोपा. खारवलेला कॉड मासा, तेल, लसूण, एखादी सुकी मिरची, बस्स. पीठ नाही, दूध नाही. मासा कोमट तेलात ठेवायचा आणि मातीचं पसरट भांडं दोन्ही हातांनी गोल गोल हलवत राहायचं. माशाच्या कातडीतला चीक तेलात उतरतो, आणि उतरता उतरता त्या तेलाची सायीसारखी दाट, पांढरी ग्रेव्ही होते. झाली तर. पण त्याआधी मासा पाण्यात ठेवून त्याचा खारटपणा काढावा लागतो, आणि तिथेच सगळी मेख. पाणी ठरल्या वेळी बदलायचं. कमी बदललं तर मासा मिठागर, जास्त बदललं तर कापूस.

शुक्रवारी सकाळी बिशेन्तेने मासा निवडून आणला, सगळ्यात जाड तुकडे, आणि घरच्या बाल्कनीत, थंडीत, मोठ्या पातेल्यात बुडवून ठेवला. गारबिन्येला बजावलं, "याला हात लावायचा नाही. हे मंडळाचं काम आहे."

"मी कशाला लावतेय? मला माझे मसूर पुरेत."

बिशेन्तेने पाणी अगदी वेळेवर बदललं. सकाळी उठल्या उठल्या, दुपारी, निजायच्या आधी. शनिवारी दुपारी तो पत्त्यांच्या, मुसच्या डावाला गेला तोही पाणी बदलून.

रविवारी मंडळ फुलून गेलं होतं. लांब बाकांवर बायका, लेकी, सुना, सगळ्या रविवारच्या कपड्यांत. पुढची ओळ गारबिन्येची, शेजारी त्यांची लेक मादालेन, जी नवऱ्याला घरी ठेवून खास आइताच्या, म्हणजे बापाच्या, हातचं जेवण खायला शहरातून शनिवारीच आली होती. बाक आणि चूल यांच्या मध्ये कमरेएवढा ओटा. ओट्यापलीकडे पुरुष. म्हणजे बायकांना सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त पलीकडे पाऊल टाकायचं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकांसारख्या त्या बसल्या होत्या, आणि पहिल्या रांगेतले प्रेक्षक कसे असतात ते नटालाच विचारा.

बिशेन्तेने लसूण तळून बाजूला काढला, तेल निवू दिलं, मासे कातडी वर करून ठेवले आणि भांड्याचे दोन्ही कान धरले. गोल. गोल. गोल. हॉलमध्ये हळूहळू बोलणं थांबलं.

तेल तेलच राहिलं.

"जरा गार झालंय का?" पाचिकोने खांद्यावरून डोकावून विचारलं. पाचिको हा बिशेन्तेचा बालमित्र, चव उत्तम, धीर शून्य.

"गप बस."

गोल. गोल. मनगटं दुखायला लागली. तेलाच्या तळाशी पाण्याचे थेंब सुटे सुटे लोळत होते, एकमेकांशी न बोलणाऱ्या शेजाऱ्यांसारखे. बिशेन्तेने माशाचा एक पापुद्रा तोंडात टाकला. चवच नव्हती. मीठ नाही, चीक नाही, समुद्र नाही. ओला कापूस.

"चिमूटभर पीठ टाकू का?" पाचिको कुजबुजला. "कुणाला कळणार नाही."

"पीठ? पिलपिलमध्ये?" कोल्दोने प्लास्टरचा हात उगारला. "याच हाताने हाणीन!"

बाकांवरून कुणाच्या तरी सासूबाईंचा आवाज आला, "काय हो, आज जेवण की उद्याचा नाश्ता?" हशा पिकला. गारबिन्ये हसली नाही. बिशेन्तेने वर पाहिलं, तर ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या तोंडावर थट्टेचा मागमूस नव्हता. ते त्याला फारच जड गेलं. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

त्याने भांडं खाली ठेवलं. पदार्थ गेला होता. आता एक तर हात वर करून बाहेर जायचं, आणि मग उरलेलं आयुष्य घरी पेपरामागे काढायचं. नाही तर काहीतरी दुसरं करायचं. पण दुसरं त्याला येत काय होतं?

आणि मग नाटकवाल्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट घडली. प्रॉम्प्टरला सगळं नाटक पाठ असतं, बिचारा रंगमंचावर मात्र कधी आलेला नसतो. एखाद्या दिवशी नट पडतो आणि त्याला ढकलून पुढे उभं करतात. बिशेन्ते इतकी वर्षं पेपर धरून खिडकीपाशी बसला होता खरा, पण त्याचे कान तर उघडे होते! लेंटच्या उपासाच्या दिवसांत गारबिन्ये झुरुकुतुना करायची, कॉड आणि शिळ्या पावाचं लसणीचं सूप. त्याने ते होताना कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. आधी लसणीची चुरचुर. मग शिळा पाव मोडल्याचा आवाज. मग चमच्याने लाल मिरच्यांचा गर खरवडल्याचा. मग पाण्याचा एकच मोठा सुस्कारा. मग बराच वेळ रटरट. आणि शेवटी टक, टक, अंडी फुटल्याचा, आणि त्यानंतर शांतता, कारण अंडी शिजेपर्यंत गारबिन्ये बोलत नसे.

"कालचा पाव आहे का?" त्याने विचारलं.

"आहे ढीगभर. का?"

"मोडा. सगळ्यांनी. आणि त्या सुक्या मिरच्या गरम पाण्यात टाका. पाचिको, अंडी आण."

"बिशेन्ते, अरे, हे काय..."

"मोड म्हटलं ना!"

त्याने डोळे अर्धे मिटले आणि कान लावून स्वयंपाक केला. कुठे चुरचुर कमी वाटली तिथे आच वाढवली. माशाचे तुकडे कुस्करून टाकले. गेलेलं मीठ चिमटीने परत घातलं. रटरट बरोबर वाटेपर्यंत हलला नाही. मग अंडी फोडली, टक, टक, टक, आणि सवयीने गप्प उभा राहिला. त्याच्याबरोबर सगळं मंडळ गप्प झालं. बाकावर गारबिन्येने मान ताठ केली. तो वास तिच्यापर्यंत पोचला होता.

मातीच्या वाडग्यांतून पानं वाढली गेली. बिशेन्ते ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, "मंडळी, पिलपिल फसलं. मासा जास्त भिजला. कसा, ते मला कळत नाही, पाणी मी वेळेवरच बदललं होतं. हे आहे ते साधं घरचं आहे. गोड मानून घ्या."

गारबिन्येने चमचा भरला होता, तो तसाच हवेत राहिला.

"तू बदललं होतंस?"

"मग कोण बदलणार?"

"शनिवारी दुपारी तू पत्त्यांना पळालास. मला वाटलं, विसरला मेला. म्हणून मी बदललं. रात्री पण बदललं, तू घोरत होतास म्हणून."

"निजायच्या आधी मी बदललं होतं!"

"मला काय माहीत? हात लावायचा नाही म्हणालास, मग विचारू कशी?"

मादालेन वाडग्यात बघत होती.

"मादालेन?" बिशेन्ते म्हणाला.

"आइता, मी आले तेव्हा मला ते पाणी गढूळ वाटलं. मी... मी मासे नळाखाली चांगले चोळून धुतले. परत सकाळी पण. तुम्हाला मदत म्हणून."

मग पाचिको फुटला. तो फुटला तसा कोल्दो फुटला, आणि हसता हसता प्लास्टर ओट्यावर आपटून कळवळला, आणि त्यावर पुन्हा सगळे हसले. "अरे, त्या माशाला आंघोळ घातली की बाप्तिस्मा दिला?" कुणी ओरडलं. "हा मासा तर समुद्रातसुद्धा इतका भिजला नव्हता!" बिशेन्तेला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि कशाला आधी वाट द्यावी ते ठरेना.

या गोंधळात गारबिन्ये जेवत होती. सावकाश. पिवळं फोडून, पाव बुडवून. तिच्या जेवण्याकडे हळूहळू एकेकाचं लक्ष गेलं आणि हसणं विरत गेलं. तिने वाडग्याच्या कडा पावाने पुसल्या, तो तुकडा तोंडात टाकला, ओठ टिपले आणि उठली. थेट ओट्यापर्यंत आली. कोल्दोने सावधपणे तिच्या पायांकडे पाहिलं. ती ओट्याच्या अलीकडेच थांबली आणि रिकामा वाडगा पलीकडे सरकवला.

"वाढ."

"कसं झालंय?" बिशेन्तेने विचारलं. आवाज क्रेनवरच्या माणसाचा होता, मंडळातल्या उंच माणसाचा नव्हता.

"अंडं जरा जास्त शिजलंय."

"बाकी?"

"बाकी काय? दुसऱ्यांदा मागतेय ना? आता लेखी देऊ का?"

बिशेन्तेने पळी बुडवली, आणि भांड्याच्या तळाशी जो पाव खरपूस लागून बसतो, जो स्वयंपाक करणारा स्वतःसाठी मागे ठेवतो, तो सगळा खरवडून तिच्या वाडग्यात घातला.