अकरा महिन्यांचं कॅलेंडर

त्याला सगळे मीटरमामा म्हणत. पाणीखात्यात नोकरी, आणि काम एकच, घरोघरच्या पाण्याच्या मीटरचे आकडे टिपायचे. लोखंडी झाकण उचलायचं, आतली झुरळं पळून जाईपर्यंत थांबायचं, काच अंगठ्याने पुसायची आणि आकडा वहीत उतरवायचा. चोवीस वर्षांत त्याचा एकही आकडा चुकला नव्हता. लोक नळ धो धो सोडून ठेवत आणि बिल आलं की मामाच्या नावाने खडे फोडत. मामा ऐकून घेई. "मीटरला कान नाहीत, म्हणून माझे वापरतात," असं म्हणे आणि पुढच्या दाराकडे वळे. त्याची बायको कपड्यांच्या दुकानात लोकांच्या विजारींची उंची कमी-जास्त करून देई. मामाची बायको म्हणून तिला न विचारताच सगळ्यांनी तिची मामी करून टाकली होती.

तर हा मामा घरी चित्रं काढायचा. चित्रं काही फार बरी नसायची, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याच्या चित्रातल्या सगळ्या माणसांना एकच नाक असे, आणि ते त्याचं स्वतःचं. मामी ओळखायची ती गळ्यातल्या टेपवरून आणि लेक चष्म्यावरून. "बाबा, माझं नाक बटाट्यासारखं आहे का हो?" असं लेक लहानपणी रडवेली होऊन विचारायची. "अजून नाहीये, पण होईल. माझ्यावर गेलीयेस ना," असं मामा म्हणायचा, की ती खरोखरच रडायला लागायची.

लेक चार वर्षांची असताना कुठल्याशा दुकानातून फुकटचं कॅलेंडर आलं. बारा महिने नुसते बर्फाचे डोंगर. मामीने ते स्वयंपाकघरात लावलं, चार दिवस बघितलं आणि काढून ठेवलं.

"या डोंगरांचं नि आपलं काय नातं? त्यापेक्षा तुम्हीच काढा हो एखादं. आपल्या घरातलं."

मामाने खात्यातले रद्द झालेले नकाशे आणले आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर महिने आखले. ठरलं असं, की पान ज्या महिन्याचं, त्या महिन्यात गेल्या वर्षी घरात जे हसण्यासारखं घडलं ते वर काढायचं. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी तिघं जण सकाळीच जेवणाच्या टेबलाशी बसत आणि भांडून भांडून बारा प्रसंग ठरवत. चित्र मामा काढी, रंग लेक भरी, खाली एक ओळ मामी लिही. मग ती सगळी पानं शिलाई मशिनवर घालून धडधडत एकत्र शिवून टाकी. ओळी लिहिण्यात मामीचा हात धरणारं कोणी नव्हतं. लेकीने हौसेने लिंबाचा म्हणून रंग आणून भिंतीला लावला, तेव्हा खाली लिहिलं होतं, "मार्च. खोलीला कावीळ झाली." एकदा कपाट घरात जाईना म्हणून मामाने दाराची चौकट उचकटली, आणि मग कळलं की कपाट वरच्या मजल्यावरच्या बाईंचं आहे. "जून. दुसऱ्याच्या कपाटासाठी आपलं दार." टीव्हीवरची मालिका बघता बघता मामीने नवऱ्याचे केस कापायला घेतले, त्याचं पान नोव्हेंबरचं. "मालिका संपली, केसही संपले."

एका फेब्रुवारीत मामीची आई गेली. त्या वर्षी मामाने फेब्रुवारीसाठी एक रिकामी खाट काढली. मामीने ते पान बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि फाडलं.

"महिनाभर स्वयंपाक करताना हे समोर बघायचंय मला. रडकं काही भिंतीवर नको," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "आईच्या उशीखाली काय निघालं आठवतंय? चष्मा हरवला म्हणून जन्मभर आमच्यावर ओरडली ती."

पानाखालची ओळ अशी झाली, "फेब्रुवारी. आईचा चष्मा सापडला. चारही."

अशी बावीस कॅलेंडरं झाली. लेक मोठी होऊन औषधांच्या दुकानात कामाला लागली, तरी तो रविवार तिने कधी चुकवला नाही. बाहेरच्या माणसाला त्यात काय दिसणार होतं? सगळ्यांची नाकं सारखी, रंग रेषेबाहेर गेलेले. पण त्या घराचं सुख त्या बावीस कॅलेंडरांत होतं, आणि ते त्या तिघांनाही पक्कं माहीत होतं. सुख समोर असताना ते कळणारी माणसं थोडी असतात, हे तिघं त्यांतले.

तेविसाव्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मामीला हृदयविकाराचा झटका आला. दुकानात मशिनवर बसल्या बसल्या ती घामाघूम झाली, तशीच तिला हॉस्पिटलात नेलं. नऊ दिवस ती तिथे होती. मामाने रजा टाकली आणि तिच्या उशाशी ठाण मांडलं. दिवसेंदिवस तिला बरं वाटत गेलं. शनिवारी घरी सोडू, असं डॉक्टर म्हणाले. नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मामी त्याच्यामागे लागली.

"आता जा हो कामावर. इथे बसून बसून चेहरा बघा कसा झालाय. माझ्याऐवजी तुम्हालाच झोपवतील इथे."

"राहतो गं. काय बिघडतं?"

"माझं बिघडतं. तुम्ही सारखे त्या ठोक्यांच्या यंत्राकडे बघता, मग मीही बघते. जा. संध्याकाळी या."

आणि तो गेला. लेक थांबली. दुपारी साडेतीनला मामी गेली. त्या वेळी मामा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका मीटरच्या खड्ड्यात हात घालून बसला होता आणि फोन सायकलला अडकवलेल्या पिशवीत होता. पिशवी उघडली तेव्हा लेकीचे सात फोन येऊन गेले होते.

त्या दुपारबद्दल बापलेकीत पुढे चार महिने एक शब्दही झाला नाही. मामाने विचारलं नाही. त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती, की तिने आपल्याला हाक मारली असणार, आणि आपण नव्हतो. विचारलं तर लेक खरं सांगेल, आणि ते ऐकायची त्याची छाती नव्हती. लेकीने सांगितलं नाही, कारण तिला वाटायचं, सांगणं म्हणजे बापाला 'तुम्ही नव्हता' असं तोंडावर म्हणणं. दोघं एकमेकांना जपत होती आणि त्या जपण्यापायी घरात जीव गुदमरत होता. दोन कप चहा, दोन ताटं, "येते", "जपून जा", एवढ्यावर दिवस जायचे. वरच्या मजल्यावरच्या बाई अधूनमधून काहीतरी निमित्त काढून डोकावत, दोघांची तोंडं बघत आणि परत जात.

डिसेंबर आला. मामा संध्याकाळी टेबलाशी बसून एकटाच काहीतरी आखू लागला. लेक बघायची आणि कानाडोळा करून निघून जायची. शेवटच्या रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात आली, तेव्हा टेबलावर कॅलेंडर तयार होतं. चार ठिकाणी स्टेपल मारलेलं, रंगासाठी कोरं सोडलेलं. मामा खिडकीशी, टेबलाकडे पाठ करून उभा होता.

ती पानं उलटू लागली. जानेवारीत आई मशिनवर आपल्याच बाहीला पडदा जोडून बसली होती. एप्रिलमध्ये बाबांच्या मागे कुत्रं लागलं होतं. नाकं तीच. तिला हसू आलं. जुलै उलटला आणि ती थांबली. ती दिवसभर औषधांवरच्या तारखा बघणारी मुलगी. तिच्या नजरेतून तारीख सुटायची नाही.

"बाबा, एक सप्टेंबर शनिवार कसा?"

"जुलै शुक्रवारी संपतो. मग शनिवारच येणार."

"मधे ऑगस्ट असतो."

"मी नाही घेतला."

तिने मागची पानं बघितली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, सगळ्यांचे वार चुकलेले. ज्या माणसाचा चोवीस वर्षांत आकडा चुकला नाही, त्याने पुढचे चार महिने चुकवून ठेवले होते, आणि तेही मुद्दाम, एकेक चौकोन आखून.

"अहो, असं कसं चालेल? मी कामाला कुठल्या तारखेला जाऊ?"

"मोबाइलमध्ये बघ." तो वळला. त्याचा आवाज चढला होता. "तिचाच नियम आहे ना? हसलो असू तेच काढायचं. मग सांग ना, काय हसलो आपण ऑगस्टात? सांग, काढतो."

असा तो लेकीवर कधी ओरडला नव्हता. ती खुर्चीवर बसली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हसलो होतो," ती म्हणाली. "म्हणजे आई हसली होती. त्याच दिवशी."

मामा खिडकीपासून एक पाऊल पुढे आला.

"आदल्या दिवशी तुम्हाला वॉचमन धरून घेऊन आला होता, आठवतंय? तुम्ही हॉस्पिटलच्या मागे मीटरचं झाकण उघडून बसला होतात. त्याला वाटलं चोर आहे. वॉर्डात आणून आईला म्हणाला, हे तुमचेच का? आणि आई म्हणाली, जरा वळवा बघू. हो, पाठीमागून आमचेच वाटतात."

मामाला ते साफ विसरायला झालं होतं. पुढच्या दिवसाने आदला दिवसही पुसून टाकला होता.

"त्या दुपारी नवीन नर्स आली होती. आई तिला ते सगळं साभिनय सांगत बसली. तुम्ही वहीत आकडा कसा लिहून घेतला होता, वॉचमनने तुमची कॉलर कशी धरली होती, सगळं. नर्स हसून हसून खाली बसली. आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला म्हणाली, चला, ऑगस्टचं ठरलं." लेकीचा आवाज फाटला. "मग म्हणाली, दमले गं, पडते जरा. मला वाटलं झोपली. मी मासिक वाचत बसले होते, बाबा. तिथेच होते मी, हातभर अंतरावर. मला कळलंच नाही."

म्हणजे चार महिने हिनेही छातीवर धोंडा घेऊन काढले होते. मामाला ते आत्ता कळलं, आणि आपण एकदाही विचारलं नाही याची त्याला लाज वाटली. तो येऊन तिच्या शेजारी बसला. मग त्याने तो प्रश्न विचारला.

"मला हाक मारली का गं तिने?"

"नाही, बाबा. कुणालाच नाही मारली."

त्याने मान हलवली. सुटल्यासारखं वाटलं की आणखी दुखलं, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मग त्याने नकाशांच्या गठ्ठ्यातून एक कोरी पाठ काढली, पट्टी ठेवून खाली एकतीस चौकोन आखले आणि वर चित्राची जागा सोडली.

"मीटर नको काढायला," तो म्हणाला. "ती सांगतेय, ते काढतो. कशी बसली होती?"

"पाय लांब करून. पाठीला दोन उशा."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

"तिच्या डावीकडे. उघडी होती."

"सलाइन?"

"डाव्याच हाताला. म्हणून सगळे हातवारे उजव्या हाताने चालले होते."

तो काढत गेला. काय काय विचारलं त्याने! चादर कुठवर होती, नर्स कुठे उभी होती, ऊन कॉटवर येत होतं का, ग्लासात पाणी किती होतं. लेक एकेक सांगत गेली. साडेतीनच्या आधीचा तो अर्धा तास, ज्यात तो नव्हता, त्यात तो आता एकेका रेघेने शिरत होता. नाक मात्र त्याने या वेळी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा काढलं. ते मामीचं झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"केस?"

लेकीचा हात आपल्या वेणीकडे गेला.

"अंबाडाच ना?"

"नाही. वेणी होती. दुपारी माझ्याकडून घालून घेतली. मी म्हटलं, अगं, आराम कर, कशाला आता? तर म्हणाली, घाल. संध्याकाळी ते येतील ना, नऊ दिवस नुसती पिंजारलेलीच बघतायत मला."

मामाच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकून तशीच राहिली. त्याचे खांदे हलायला लागले. लेकीने त्याला रडू दिलं. बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं आणि कागदाकडे बघितलं.

"मला वेणी काढता येत नाही गं," तो म्हणाला. "कधी काढलीच नाही."

लेक उठली, खुर्ची फिरवली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. दोन्ही हात मागे नेऊन तिने आपली वेणी सोडली, बोटांनी केस विंचरले आणि ती पुन्हा घालायला घेतली, अगदी सावकाश, एकेक पेड त्याला दिसेल अशी.